डावा मागचा

लॅमिंग्टन रोडचा पोरगा म्हणाला,
फिटिंगला माणूस येईल, हजार रुपये वेगळे.
म्हटलं, राहू दे.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
जोडीला जोडी लावलीय मी.
लाल कुठे, काळी कुठे,
हे आता मला कोण शिकवणार?

व्हीआरएसच्या पैशातलं शेवटचं खोकं.
उघडलं तर निम्मा हॉल थर्माकोल.
ॲम्प्लिफायर वरवंट्यासारखा जड,
पाठीमागे भोकंच भोकं.
पुस्तिकेतल्या चित्रात एक माणूस सोफ्यावर मधोमध
आणि त्याच्या चहूबाजूंनी मोकळी जागा.
घोडपदेवला कुणाकडे आहे तसली जागा?

पुढचे दोन टीव्हीच्या अल्याडपल्याड.
मधला खाली, चपलांच्या कपाटावर.
उजवा मागचा शोकेसवर, घंगाळाशेजारी.
त्याची वायर देव्हाऱ्यामागून नेली,
देवांना म्हटलं, जरा सरका.
डावा मागचा मात्र कुठेच मावेना.
तिथे भिंतच नाही, स्वयंपाकघराची चौकट आहे.
शेवटी फ्रीजवर बसवला,
खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

मग माईक. सुपारीएवढा.
ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवा, म्हणे.
हे पेपर वाचत बसले होते,
शिवणाच्या टेपने मापलं:
जमिनीपासून सत्त्याण्णव सेंटिमीटर.
‘माप कसलं घेतेस?’
‘मुंडावळ्यांचं.’
सोफ्यावर पाट, पाटावर रव्याचा डबा,
डब्यावर माईक.

पडद्यावर अक्षरं आली: शांतता राखा.
अकराव्या मजल्यावर ड्रिल चाललेलं,
खाली भंगारवाला, शेजारी कुकर.
पहाटे साडेतीनचा गजर लावला.
फ्रीज बंद, पंखा बंद.
हे उजव्या कुशीवर झोपलेले,
म्हणजे जगाला रजा.

टुक्, पुढून डावीकडे.
टुक्, उजवीकडे.
टुक्, फ्रीजवरून, जणू आत कुणी अंडं फोडलं.
मग वूफरची घुंऽऽ. ती पायांतून वर आली.

मशीनने अंतरं सांगितली:
दोन पॉइंट चार, दोन पॉइंट पाच,
वूफर सहा पॉइंट नऊ मीटर.
सहा पॉइंट नऊ?
आमची भिंत ओलांडून, घोसाळकरांच्या पलंगाखाली?
पुस्तिका म्हणते, घाबरू नका.
त्याचा आवाज उशिरा पोचतो,
म्हणून मशीन त्याला दूरचा धरतं.

मीही ह्यांना हाक मारते,
आणि हे चार क्षणांनी वळतात.
किती मीटर धरायचे?

गोदीत जहाजांच्या पोटात शिरून
गंज तासायचे हे, हातोडीने,
पंचवीस वर्षं.
डावा कान तिथेच राहिला कुठल्यातरी बोटीत,
ती आता कुठल्या बंदरात असेल कोण जाणे.
माईकचे मात्र सगळे कान शाबूत.
त्याने घर समतोल केलं ते त्याच्यापुरतं.

दुपारी ह्यांना सोफ्यावर बसवलं
आणि मेनूत शिरले, हाताने.
डावे दोन्ही, अधिक एक.
‘ऐकू येतंय?’ ‘काय?’
अधिक तीन.
‘आता?’ ‘उजवीकडून येतंय.’
अधिक सहा.
अधिक आठला ह्यांनी नुसतं बोट वर केलं,
वर्गात हजेरी दिल्यासारखं.
मला सगळा हॉल डावीकडे कललेला,
आता घंगाळ घसरेल असं वाटलं.
मशीनने विचारलं, बदल जपायचे?
हो म्हटलं.

रात्री कसलासा सिनेमा लावला.
बाई एकटी घरात, अंधार,
आणि मागे कुणीतरी कडी काढली.
हे वळले.
डावीकडे वळले, लगेच,
फ्रीजकडे बघत अर्धे उठलेसुद्धा.
‘कोण आलंय गं?’

कुणी नाही, म्हटलं, बसा.
माझा आवाज नीट निघाला नाही.
तो ह्यांना ऐकू गेला नाही, ते बरंच झालं.

भिंतीवर घोसाळकरांनी दोनदा ठोकलं.
उद्या भांडायला येणार.
येऊ देत.
दार उघडायला ह्यांनाच पाठवीन,
डावा कान पुढे करून.